पायमार्ग सव्वाआठ फुटांचा, कुत्रा मोकळा

गाव नकाशावर एकेरी तुटक रेघ दिसली की तो पायमार्ग समजायचा. महसुली मापात त्याची रुंदी सव्वाआठ फूट. गाडीमार्ग असेल तर तीच तुटक रेघ दुहेरी होते आणि रुंदी साडेसोळा ते एकवीस फुटांवर जाते. भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात हे सव्वाआठ फूट जमिनीवर शोधायला गेलात, तर बऱ्याच ठिकाणी हाती लागतो तो दीड-दोन फुटांचा धुरा, म्हणजे बांध. उरलेली वाट दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्यांनी वर्षावर्षाला थोडीथोडी खाल्लेली असते. याशिवाय नकाशात कुठेच नसलेल्या, पण पिढ्यान्‌पिढ्या पायाखालच्या वहिवाटी आहेतच. वाट कुणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे जाता येतं. वाटच नसेल तर 1966 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली धुऱ्यावरून ती मागता येते. हे दोन्ही कायदे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बैल होते, औत होतं, डोक्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेतलेला मजूर होता. लॅब्राडोर घेऊन फिरायला निघालेला माणूस तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता.

आता तो आहे. नागपूर-रायपूर महामार्ग लाखनीच्या पोटातून जातो, तिथे पहाटे चालणं म्हणजे ट्रकांच्या वाऱ्यात चालणं. म्हणून लाखनी-मुरमाडीचे लोक पांदणीकडे, म्हणजे शेतांत जाणाऱ्या वाटेकडे वळतात. निवृत्त गुरुजी असतात, साखर वाढलेले दुकानदार असतात, पोलीस भरतीसाठी धावणारी पोरं असतात. यातल्या काहींबरोबर कुत्रा असतो. शेवटचं घर मागे पडलं की साखळीचा आकडा निघतो आणि कुत्रा बांधीत उतरतो. समोरून बकऱ्या हाकत येणारी बाई थबकली की मालक लांबूनच ओरडतो, “काही करत नाही जी तो!”

मालक खोटं बोलत नसतो. घरात तो कुत्रा खरंच काही करत नाही. रेमंड कॉपिंजर या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या शिकारी वागण्याचे टप्पे मांडले आहेत: हेरणं, नजर रोखणं, दबा धरत पुढे सरकणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडणं. लांडग्यात हे सगळे टप्पे एकामागून एक येतात आणि शेवट पोट भरण्यात होतो. माणसाने जाती घडवताना यातले काही टप्पे वाढवले, काही दाबले. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कोलीत नजर आणि पाठलाग जबर, चावा मात्र दाबलेला. पण पाठलाग बहुतेक कुत्र्यांत शिल्लक आहे आणि त्याचा भुकेशी संबंध उरलेला नाही. पळण्यातच कुत्र्याला मजा येते. म्हणून सकाळी दूध-पोळी खाऊन निघालेला कुत्राही पळत्या बकरीमागे लागतो. बकरी उभी राहिली असती तर कदाचित तो वास घेऊन परतलाही असता, पण उभं राहणं हा बकरीचा स्वभाव नाही.

दात न लागताही नुकसान होतं. गाभण शेळी घाबरून पळाली, धुऱ्यावरून खाली पडली, तर गाभडू शकते. खुंट्याला बांधलेल्या शेळीला पळताही येत नाही, दावं मानेला आवळत जातं. अशा वेळी ‘माझ्या कुत्र्याने चावलं कुठे, दाखवा’ हा मालकाचा सवाल अगदीच गैरलागू असतो. ढोरांचं गणित उलटं चालतं. वगारीची आई असलेली म्हैस किंवा नुकती व्यालेली गाय पळत नाही, ती कुत्र्यावर चालून येते. कुत्रा अशा वेळी हमखास मालकाच्या पायांकडे धाव घेतो आणि म्हैस त्याच्या मागोमाग येते. इंग्लंडमध्ये गाईंनी तुडवून माणसं मेल्याच्या घटनांत बरेचदा सोबत कुत्रा असतो. म्हणून तिथल्या फिरणाऱ्यांना सांगून ठेवलेलं असतं की ढोर अंगावर आलं तर दोरी सोडा, कुत्र्याला उचलून घेऊ नका. कुत्रा पळून वाचतो, तुम्हाला तेवढं पळता येत नाही.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर थोडं तिकडचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये शेतांतून, कुरणांतून जाणाऱ्या सार्वजनिक वाटा सुमारे 1 लाख 40 हजार मैलांच्या आहेत, आणि त्यांवरून चालायचा हक्क कुणालाही आहे. मेंढीमागे लागणाऱ्या कुत्र्यांचा प्रश्न तिथे इतका जुना की त्यावर 1953 पासून स्वतंत्र कायदा आहे. मेंढ्या असलेल्या शेतात कुत्रा दोरीविना आणि ताब्याबाहेर असणं हाच तिथे गुन्हा, मग त्याने मेंढीला दात लावो वा न लावो. स्कॉटलंडने 2021 मध्ये दंडाची मर्यादा 40 हजार पौंडांवर नेली आणि त्याला एक वर्षापर्यंतच्या कैदेची जोड दिली. मला या सगळ्यात विचार करण्यासारखा वाटतो तो एक लहानसा नियम. इंग्लंड-वेल्समधल्या खुल्या माळरानांवर 1 मार्च ते 31 जुलै या काळात कुत्रा दोन मीटरच्या आखूड दोरीवरच हवा. कारण तो जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळ. म्हणजे नियम ऋतू बघून केलेला आहे.

असा ऋतू आपल्याकडेही आहे, फक्त महिने वेगळे. महाराष्ट्रात सारस क्रौंच आज उरला आहे तो गोंदिया आणि भंडारा या दोन धानाच्या जिल्ह्यांत. भंडाऱ्यातले सारस तर बोटांवर मोजण्याइतके. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, ती उगाच नव्हे. माणसाच्या उंचीचा हा पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच, घरटं मात्र झाडावर करत नाही. पाणथळीत नाहीतर पाण्याने भरलेल्या बांधीतच गवत-काडीचा ढीग रचतो आणि त्यावर बहुधा दोन अंडी घालतो. अंडी उबायला महिनाभर लागतो. हा काळ पावसाळ्याचा, म्हणजे रोवणी आणि निंदणीच्या हंगामातला. शेतात माणसं वावरतात, सारसाला त्याची सवय असते. झाडीपट्टीतल्या कितीतरी शेतकऱ्यांनी घरट्याभोवतीचा धानाचा तुकडा तसाच सोडून दिलेला आहे. कुत्र्याची सवय सारसाला होत नाही. कुत्रा आला की जोडी अंड्यांवरून उठते, पंख पसरून त्याच्यावर धावून जाते, बहुतेकदा त्याला हाकलूनही देते. पण तेवढा वेळ अंडी उघडी पडतात आणि कावळ्याला तेवढा वेळ पुष्कळ असतो. पिल्लू अंड्यातून निघाल्यावर लवकरच आईबापांमागे चालू लागतं, उडायला मात्र त्याला महिने लागतात. तोवर कुत्र्यापुढे त्याचा निभाव लागत नाही.

सारस दिसतो तरी. टिटवीचं तसं नाही. ती धुऱ्याच्या कडेला किंवा पडीक जमिनीत ढेकळांच्या रंगाची चार अंडी घालते, तीही थेट मातीत, उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, हे सांगणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्याच धुऱ्यावरून कुत्रा नाक खुपसत चालला असताना डोक्यावर टिटवी का ओरडते आहे, हे मात्र फारसं कुणी बघत नाही. ती पंख मोडल्याचं सोंग करून कुत्र्याला लांब नेऊ पाहते. मालकाला वाटतं, दोघं खेळताहेत.

कुत्र्याने काही धरावंच असंही नाही. सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्याच्या परिसरात अबी तमीम वनक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकड आणि गावकुत्री यांचा अभ्यास केला. नुसता कुत्रा जवळपास असला तरी खोकड ठेवलेल्या खाण्याकडे यायचं टाळतात, असं त्यांना आढळलं. त्याच भागातल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं तेव्हा बहुतेकांना पार्वो आणि डिस्टेंपरच्या विषाणूंची लागण होऊन गेलेली निघाली. देशभरातल्या नोंदी गोळा करून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कुत्र्यांनी हल्ला केलेल्या वन्यप्राण्यांच्या 80 जाती मोजल्या गेल्या, त्यांतल्या 31 जागतिक पातळीवर धोक्यात असलेल्या. लाखनी-साकोलीचं जंगल नागझिऱ्याला लागून आहे. 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झालेल्या त्या जंगलाची खास ओळख म्हणजे रानकुत्रे. डिस्टेंपर घरच्या कुत्र्याकडून रानकुत्र्याकडे जाऊ शकतो, वाघ-बिबट्यालाही होऊ शकतो. जंगलाच्या काठच्या शेतात फिरवायच्या कुत्र्याला डिस्टेंपर-पार्वोची लस दिलेली असणं म्हणजे रानकुत्र्यांवरही केलेला उपकारच.

आता विष्ठेकडे वळतो. शेतात कुत्रा बसला तर काय बिघडलं, खतच होतं, हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. खत म्हणून हिशेब करायचा तर बेल्जियममधल्या गेंट शहराजवळ तो झालेला आहे. तिथल्या राखीव हरित जागांत फिरायला येणाऱ्या कुत्र्यांच्या मलमूत्रातून दर हेक्टरी वर्षाला सरासरी 11 किलो नत्र आणि 5 किलो स्फुरद पडतं, असा तो अंदाज. रानफुलांच्या कुरणाला एवढं नत्र जड जातं. धानाच्या बांधीला ते किरकोळच, आणि आपल्या पांदणींवर गेंटएवढी कुत्री येतही नाहीत. तेव्हा खताचा मुद्दा सोडून द्यावा. खरी भानगड आहे ती विष्ठेतून येणाऱ्या सूक्ष्म जिवांची आणि जंतांची.

निओस्पोरा हा सूक्ष्म परजीवी जे. पी. दुबे या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये अमेरिकेत ओळखला. दहा वर्षांनी, 1998 मध्ये, त्याचं चक्र कुत्र्याच्या आतड्यात पुरं होतं हे सिद्ध झालं. कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. त्याच्या विष्ठेतून परजीवीचे बीजकोश बाहेर पडतात, तणसीवर, चाऱ्यावर, डबक्याच्या पाण्यात मिसळतात. ते गाईच्या पोटात गेले की ती गाभडू शकते, बहुधा पाचव्या ते सातव्या महिन्यात. गाभडली नाही तर वासरू लागण घेऊनच जन्मतं, आणि ती कालवड पुढे गाभण राहिली की परजीवी तिच्या वासरात जातो. अशा तऱ्हेने तो एका गोठ्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो. गाय का गाभडली हे शेतकऱ्याला कळतच नाही, तो उन्हाला, चाऱ्याला, कधी कुणाच्या नजरेला दोष देतो. पण या चक्राचा दुसरा अर्धा भाग शेतकऱ्याच्याच हातात आहे. कुत्र्याला ही लागण होते ती मुख्यतः लागण झालेल्या गाईचा जार किंवा गाभडलेलं वासरू खाल्ल्याने. जार उकिरड्यावर किंवा धुऱ्यापलीकडे फेकायची आपली रीत कुत्र्याला आयतं जेवण घालते. हातभर खोल खड्डा करून तो पुरला तर अर्धी वाट तिथेच बंद होते.

दुसरा पाहुणा म्हणजे हायडॅटिडचा फीतकृमी. कुत्र्याच्या आतड्यातला हा जंत जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, पण एका कुत्र्यात हजारो असू शकतात. त्याची अंडी गवतातून शेळी, गाय, म्हशीच्या पोटात गेली की यकृतात आणि फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. माणसाच्या पोटात गेली तर माणसालाही तशाच गाठी होतात, आणि त्या वर्षानुवर्षं काही न सांगता वाढत राहतात. खाटकाने फेकलेलं गाठींचं यकृत कुत्र्याने खाल्लं की फेरा पुन्हा सुरू. ही अंडी उन्हात, कोरड्यात लवकर मरतात, पण ओलसर सावलीत महिनोन्‌महिने तग धरतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल-सावलीला तोटा नसतो. कुत्र्याच्या आकडेकृमीच्या अळ्यांचंही तेच. भरल्या बांधीतल्या पाण्यात त्यांचं फारसं काही चालत नाही, पण धुऱ्यावरची ओलसर, गवताच्या सावलीतली माती त्यांना मानवते. रोवणी करणाऱ्या बायका दुपारची शिदोरी सोडायला आणि घटकाभर टेकायला नेमक्या तिथेच अनवाणी बसतात. अळी कातडीत शिरली की खाजऱ्या, नागमोडी रेघा उठतात.

यावरचा इलाज लाजिरवाणा वाटावा इतका साधा आहे. पशुवैद्याच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी जंतांचं औषध, त्यात फीतकृमीसाठी प्राझिक्वाँटेल असावं, आणि फिरायला जाताना खिशात एक पिशवी. पिशवी शेतातच टाकून येणारे लोकही असतात म्हणे. ती गाईने गिळली तर विष्ठेपेक्षा वाईट.

रेबीजबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक आहे असं आपण धरून चालतो, म्हणून एकच गोष्ट सांगतो. पिसाळलेला कुत्रा ढोराला चावला आणि कुणी पाहिलं नाही, तर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, ते ढोर चारा सोडतं, लाळ गाळतं, घोगरं हंबरतं, गिळायला धडपडतं. बघणाऱ्याला वाटतं घशात काहीतरी अडकलंय. मग घरातला जाणता माणूस बाही वर करून त्याच्या जबड्यात हात घालतो. गुरांपासून माणसाला होणाऱ्या धोक्यात हा प्रकार फार जुना आहे. लाळ गाळणाऱ्या, न गिळणाऱ्या ढोराच्या तोंडात हातमोज्याशिवाय हात घालू नये. घातला गेलाच तर लगेच वाहत्या पाण्यात साबणाने पंधरा मिनिटं धुवावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ढोराला कुत्रा चावताना दिसला असेल तर त्यालाही लशीचे डोस लागतात, तेही लक्षणं दिसायच्या आधी. लक्षणं दिसल्यावर ना ढोर वाचतं ना माणूस.

कायदा काय म्हणतो? परक्याच्या पिकात जनावर शिरलं तर कोंडवाडा, हे आपल्याला माहीत आहे. कोंडवाड्याच्या 1871 च्या कायद्याने ‘गुरं’ कशाला म्हणायचं याची यादीच दिली आहे. तिच्यात हत्ती आहे, उंट आहे, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढी, बकरी आहे. कुत्रा नाही. तेव्हा लाखनीत उद्या कुणाचा हत्ती बांधीत शिरला तर त्याची व्यवस्था कायद्याने करून ठेवली आहे, कुत्र्याची नाही. कुत्र्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 291 आहे. ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना ती टाळायची खबरदारी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण यात माणसाचा विचार आहे, बकरीचा नाही. बकरीसाठी दिवाणी दावा, म्हणजे बकरीच्या किमतीहून वकिलाची फी जास्त. 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम मुख्यतः मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीचे आणि लसीकरणाचे, पट्टा घातलेल्या कुत्र्याच्या मालकाने बांधीत कसं वागावं हा त्यांचा विषय नव्हे. म्हणजे इंग्लंडने 1953 मध्ये ज्या प्रश्नावर स्वतंत्र कायदा केला, तो आपल्याकडे धुऱ्यावरच्या भांडणात सुटतो, किंवा चिघळतो.

इथे कुत्रं पाळणारे म्हणतील, सगळा दोष आमच्यावरच का? गावात मोकाट कुत्र्यांची काय कमी आहे? आणि शेतकरी स्वतः रानडुकरांसाठी जागलीवर कुत्रे ठेवतात, ते मोकळेच असतात की. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. संख्येने बघाल तर शेतातली घाण आणि पाठलाग यात मोकाट आणि जागलीच्या कुत्र्यांचा वाटा पाळीव कुत्र्यांहून मोठाच असणार. जागलीचा कुत्रा सारसाच्या अंड्यांना सोडतो असंही नाही, त्यालाही लस आणि जंताचं औषध लागतंच. पण मोकाट कुत्र्याला दोरी लावायला कुणी नाही, आणि तुमच्या कुत्र्याची दोरी तुमच्या हातात आहे. शिवाय पांदणीच्या टोकाला रात्री सोडून दिलेली पिल्लं येतात कुठून? ती कुणाच्या तरी घरच्या मादीचीच असतात. नसबंदी न करता वाढू दिलेलं एक वेत धुऱ्यावर आणून सोडलं की वर्षभरात ते मोकाट कुत्र्यांच्या हिशेबात जमा होतं.

आणखी एक गैरसमज दिवाळीनंतर दिसतो. धान कापून झालं, बांध्या मोकळ्या झाल्या, आता कुत्रा पळवायला हरकत काय? बांधी मोकळी दिसते एवढंच. धान उभं असतानाच त्याच्या ओलीवर लाखोरी, जवस फेकलेलं असतं, त्याला उतेरा म्हणतात. कापणीनंतर धसकटांमध्ये बोट-दोन बोटं उंचीची हिरवी रोपं असतात, ती जवळ जाऊन वाकल्याशिवाय दिसत नाहीत. दोन कुत्रे तिथे अर्धा तास उंडारले की तेवढ्या जागेतलं लाखोरीचं पीक गेलं. शेतकऱ्याने ओरडावं तर समोरचा विचारतो, आहे काय इथे?

हे सगळं मुंबई-दिल्लीच्या कायद्याची वाट बघत बसण्याएवढं मोठं नाही. वर्षातल्या ग्रामसभांपैकी एक 15 ऑगस्टच्या सुमारास होते, तेव्हा रोवणी आटोपत आलेली असते आणि सारस अंड्यांवर असतो. त्या सभेपुढे ठराव ठेवता येईल: पावसाळा लागल्यापासून धान निघेपर्यंत पांदणीवर आणि धुऱ्यावर कुत्रा आखूड दोरीवर, आणि उतेरा निघेपर्यंत बांधीत उतरवायचा नाही. जारासाठी गोठ्यामागे खड्डा. वर्षातून एकदा पशुवैद्यकीय दवाखान्याची गाडी बोलावून पाळीव, जागलीच्या आणि हाताशी येतील तेवढ्या मोकाट कुत्र्यांना रेबीजची लस. लाखनी शहरात हेच काम नगरपंचायतीने कुत्र्यांच्या नोंदणीपासून सुरू करावं, कारण फिरायला येणारे बहुतेक तिथूनच येतात. ठरावाची पाटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नको, ती पांदणीच्या तोंडाशी लावावी, जिथे साखळीचा आकडा निघतो.